जुना ट्रक कॅम्पर घेताना काय तपासावं, सोबत कोणती उपकरणं लागतात आणि देखभाल व सुरक्षेसाठी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यूजर्सीत राहता, घरी फोर्ड एफ-150 पिकअप ट्रक आहे, 1,900 पौंड ‘ड्राय वेट’ (रिकाम्या कॅम्परचं वजन) असलेला जुना हार्डसाइड, म्हणजे पक्क्या भिंतींचा, ट्रकच्या हौद्यात बसवायचा कॅम्पर जाहिरातीत पाहिलाय, नवरा-बायको आणि दोन मुलं असा संसार, आधी व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात आणि मग जमलं तर पश्चिमेकडे जायचंय. सोबत काय काय विकत घ्यावं, देखभाल कशी करावी आणि प्रवासात मुलांना मागे कॅम्परमध्ये झोपवता येईल का.

मी कोलोरॅडोत राहतो आणि बरीच वर्षं एक-टन पिकअपवर कॅम्पर चढवून फिरतोय. उपकरणांची यादी तूर्त बाजूला ठेवा. तुमचा ट्रक हा कॅम्पर पेलणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते आकड्यांत सांगतो.

ट्रकच्या ड्रायव्हरचं दार उघडा. आतल्या चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारा स्टिकर आहे. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन कधीही होऊ नये. तो आकडा तुमच्याच ट्रकचा असतो. माहितीपत्रकातला ‘कमाल पेलोड’ (ट्रक पेलू शकेल ते ओझं) सगळ्यात साध्या, कमी सोयींच्या मॉडेलचा असतो, त्यावर जाऊ नका. चार दारांच्या एफ-150वर हा आकडा बहुतेक वेळा 1,400 ते 2,000 पौंडांच्या दरम्यान दिसतो.

आता बेरीज करू. कॅम्पर 1,900. पाण्याची टाकी 30 गॅलनची धरली तर एका गॅलनचं वजन 8.34 पौंड, म्हणजे 250 पौंड पाणीच झालं. 20 पौंडी प्रोपेनचे दोन भरलेले सिलिंडर लोखंडासकट साधारण 75. बॅटरी 60. कपडे, भांडी, खाणं, खुर्च्या, मुलांच्या सायकली मिळून 300 तरी धरा. तुम्ही चौघं 430. झाले 3,015 पौंड. आणि ‘ड्राय वेट’मध्ये छपरावरचा एसी, बाहेरची ताडपत्री, कधीकधी तर कॅम्पर उचलून धरणारे कोपऱ्यांवरचे जॅकसुद्धा धरलेले नसतात. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, ट्रकवर फक्त दहा-पंधरा टक्के येतं. कॅम्परचा मात्र प्रत्येक पौंड तुमच्या हौद्यात बसतो.

इथे विक्रेता तुम्हाला एअर स्प्रिंग बसवायला सांगेल. स्प्रिंगचे जादा पाटे घाला, झुलणं कमी करणारा जाड स्वे बार लावा, असंही सांगेल. या वस्तू चांगल्याच आहेत. ट्रक मागून बसत नाही, वळणावर झुलत नाही. माझ्याही ट्रकला आहेत. पण त्यांनी स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. ॲक्सल तोच राहतो, चाकं, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. ट्रक समतल दिसतो म्हणून तो सुरक्षित आहे असं वाटायला लागतं, हीच मला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते.

म्हणून दोनच रस्ते. हाच कॅम्पर हवा असेल तर एफ-350 किंवा दुसऱ्या कंपनीचा 3500 वर्गातला, म्हणजे एक-टन ट्रक बघा, आणि त्यातही पेट्रोल इंजिनाचा पर्याय विचारात घ्या, कारण डिझेल इंजिन जड असल्यामुळे पेलोड कमी होतो. एफ-150 ठेवायचा असेल तर चार माणसांसाठी छोटा ट्रेलर जास्त योग्य. कापडी भिंतींचे, वर उचलायचे पॉप-अप कॅम्पर हलके असतात, पण चौघांना त्यात अडचण होते.

ट्रक बदललात असं धरून पुढचं लिहितो.

पहिल्याच खेपेला, पाणी भरून, सगळे बसलेले असताना, महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर वजन करा. पायलट, फ्लाइंग जे, लव्हज अशा बहुतेक ठिकाणी कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो आणि तो पुढच्या व मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं देतो. मागच्या ॲक्सलची मर्यादा दाराच्या चौकटीवरच दुसऱ्या लेबलवर छापलेली असते. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल ओलांडलेला, असं या गाड्यांत सहज होतं. कॅम्परच्या बाजूवर गुरुत्वमध्याची खूण असते, ती मागच्या ॲक्सलच्या पुढे यायला हवी. ती मागे गेली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. कॅम्परसाठी वजनाची मर्यादा किती आणि गुरुत्वमध्य कुठे असावा, ही माहिती ट्रक उत्पादकाने देणं अमेरिकेत कायद्यानेच बंधनकारक आहे, ती मॅन्युअलसोबत शोधा.

टायर ‘लोड रेंज ई’चे, म्हणजे जड ओझं पेलणाऱ्या वर्गाचे हवेत. कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी म्हाताऱ्या टायरवर एवढं ओझं घालू नका. चाक काढून परत बसवलं असेल तर 50 ते 100 मैलांनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

कॅम्पर ट्रकला बांधायचे हूक आणि टर्नबकल (फिरवून ताण वाढवायचे स्क्रू) यांवर पैसे वाचवू नका. हौद्याच्या पत्र्याला बांधण्यापेक्षा चासीला बोल्ट केलेले टाय-डाउन घ्या. जोराचा ब्रेक लागला की पत्रा फाटतो, चासी फाटत नाही. हौद्यात जाड रबरी मॅट टाका, त्याने कॅम्पर सरकत नाही. निघाल्यावर पंचवीस-तीस मैलांनी थांबून चारही टर्नबकल हाताने बघा. कॅम्पर जागेवर बसला की ते हमखास सैल पडतात.

फाळका काढून ठेवावा लागतो आणि त्याच्याबरोबर मागचा कॅमेरा जातो, तेव्हा कॅम्परवर वेगळा कॅमेरा लावून घ्या. सायलेन्सरचा पाइप कॅम्परच्या मागच्या भागाखाली संपत असेल तर तो लांबवून घ्या, नाहीतर इंजिन चालू असताना धूर दाराच्या फटीतून आत येतो.

जॅकबद्दल एकच नियम माझ्या घरी आहे: कॅम्पर जॅकवर उभा असताना त्याच्याखाली कोणी जायचं नाही आणि आतही कोणी थांबायचं नाही. चढवताना पुढची बाजू किंचित उंच ठेवा आणि दुसऱ्या माणसाला बाजूला उभं करून ट्रक इंच-इंच मागे घ्या. वारं असेल तर ते काम त्या दिवशी करू नका.

आता गळती. तुम्ही जुना कॅम्पर बघताय म्हणून हा भाग सावकाश वाचा. बहुतेक कॅम्परचा सांगाडा लाकडी असतो आणि छपरावर रबराचा पातळ थर. व्हेंट, एसी, अँटेना, कडेच्या पट्ट्या, जिथे जिथे भोक पाडलंय तिथे फट बुजवणारं सीलंट असतं आणि ते उन्हाने तडकतं. पाणी आत शिरतं, पण महिनोन्महिने दिसत नाही. भिंतीच्या आत लाकूड कुजतं. त्याच कोपऱ्यांतल्या लाकडात जॅकचे ब्रॅकेट आणि टाय-डाउनचे अँकर स्क्रूने बसवलेले असतात. म्हणजे छपरावरची एक बारीक चीर हा कॅम्पर रस्त्यावर सुटण्याचा प्रश्न होऊ शकते.

बघायला जाल तेव्हा पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस मिळाला तर उत्तम. केबिनवरच्या पलंगाची गादी उचला, खालचा प्लायवूड आणि पुढचे दोन्ही कोपरे अंगठ्याने जोरात दाबा. जॅकजवळचे चारही कोपरे दाबा. मऊ लागलं, फुगलेलं दिसलं, स्क्रूखालून गंजाचे ओघळ आलेले असले, कपाटात ओलसर कुबट वास आला, तर परत या. किंमत कितीही कमी असो. साधा ओलावा मापक सोबत न्या, तो स्वस्त असतो आणि नव्याने चिकटवलेल्या वॉलपेपरमागचं खरं सांगतो. बजेट जुळलं तर कॅनडातल्या नॉर्दर्न लाइट किंवा बिगफूटचे फायबरग्लासच्या दोन मोठ्या तुकड्यांचे जुने कॅम्पर शोधा. सांधे कमी, म्हणून गळतीच्या जागाही कमी.

घेतल्यावर वसंतात आणि शरदात छपरावर चढून प्रत्येक सांधा बघायचा. सपाट भागावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट, उभ्या भागावर न ओघळणारं, आणि खिडकी किंवा व्हेंट काढून परत बसवताना खाली चिकट रबरी ब्युटिल टेप. दुकानातलं साधं सिलिकॉन वापरू नका. त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही आणि ते खरवडून काढण्यात दिवस जातो.

गॅसकडे वळतो. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, म्हणून तो जमिनीलगत साठतो आणि त्याचा डिटेक्टर खाली, पायाशी असतो. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, धुराचा वेगळा. गॅस डिटेक्टरचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं असतं. जुन्या कॅम्परमध्ये हिरवा दिवा लागतो म्हणून तो चालतोय असं समजू नका, मागे छापलेली तारीख वाचा. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. हीटर आणि फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्या उघडून आत बघायचं, कारण कुंभारीण माशीला तिथे मातीचं घर बांधायला फार आवडतं आणि तिच्या घरट्याने धुराचा मार्ग बंद होतो. गॅसवरचा जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल तर गाडी उभी करताना समतल जागा लागते. तिरकी ठेवून चालवला तर त्याचा बॉयलर खराब होतो, आणि त्यातून आगही लागू शकते. मी प्रवासात सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंदच ठेवतो. दार उघडलं नाही तर फ्रिज काही तास थंड राहतो.

ट्रक कॅम्परमधल्या आगीबद्दल फार कमी लोक विचार करतात. दार एकच, मागे. पलंग पुढे, केबिनच्या वर. शेगडी मधे. रात्री मधे आग लागली तर तुम्ही आणि मुलं दाराच्या चुकीच्या बाजूला असता. पलंगाजवळच्या खिडकीतून किंवा छपराच्या हॅचमधून बाहेर पडता येतं का, हे विकत घेण्याआधी स्वतः शरीर बाहेर काढून बघा. मुलांकडून त्या खिडकीची किंवा हॅचची कडी दिवसा उघडून घ्या, मग अंधारात उघडून घ्या. एक अग्निशामक दारापाशी आणि दुसरा पलंगापाशी हवा. विकणारे फक्त दारापाशी देतात.

विजेत एकच गोष्ट महत्त्वाची. घराबाहेर कॅम्परसाठी 30 ॲम्पिअरचा सॉकेट बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला तो 120 व्होल्टचा आहे हे लिहून द्या. कपडे वाळवण्याच्या मशीनचा समजून 240 व्होल्ट जोडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, आणि त्यात कॅम्परमधली उपकरणं क्षणात जळतात. कॅम्पग्राउंडवर लावायला सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज अचानक वाढल्यास उपकरणं वाचवणारं साधन) घ्या. लिथियम बॅटरी बसवलीत तर शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करायची नाही.

थंडी सुरू होण्याआधी सगळं पाणी काढून, वॉटर हीटर बायपास करून, म्हणजे त्याची वाट बंद करून, नळांत गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ भरा. गाडीचं हिरवं विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या नळांत कधीच नाही.

तुमच्या वाटेबद्दल. एसीसकट सर्वात उंच टोक मोजा आणि तो आकडा काचेजवळ चिकटवा. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमधल्या पार्कवेंवर (मोटारींसाठीचे जुने रस्ते) कॅम्पर घेऊन जाऊच नका, तिथले पूल फार बुटके आहेत. नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला तर 11 फूट 8 इंचांच्या एका रेल्वे पुलाने इतक्या गाड्यांची छपरं सोलली की 2019 मध्ये तो 12 फूट 4 इंचांपर्यंत उचलावा लागला. साधा फोनमधला नकाशा उंची बघत नाही. बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेलमध्ये 10 पौंडांपेक्षा मोठा प्रोपेन सिलिंडर नेता येत नाही. शेनांडोआला बाल्टिमोरवरून जाणार असाल तर शहराभोवतीच्या आय-695 महामार्गावरून पश्चिमेने वळसा घ्या, कारण त्याच रस्त्यावरचा पूर्वेकडचा फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज मार्च 2024 मध्ये कोसळला.

पुढे आमच्याकडे आलात तर आय-70 वरचं आयझेनहॉवर टनेल सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे, आणि तिथून डेन्व्हरकडचा उतार लांब आणि तीव्र. उतार सुरू होण्याआधीच टो-हॉल मोड (ओझं असताना वापरायची ट्रकची गिअर-सोय) लावा, खालचा गिअर घ्या, ब्रेकवर पाय सतत ठेवू नका. वळणांवर डोक्यावर भरलेला हंडा घेतलेल्या बाईसारखं सावकाश वळायचं.

मुलांना चालत्या गाडीत मागे झोपवण्याबद्दल: काही राज्यांत अटींसह परवानगी आहे, काहींत बंदी आहे. परवानगी असलेल्या राज्यातही मी मुलांना तिथे बसवत नाही. वरच्या पलंगाला पट्टे नाहीत, भिंती पातळ आहेत आणि अपघातात तो भाग आधी सुटतो. मुलं ट्रकच्या मागच्या सीटवर, आपापल्या कार सीटमध्ये. दर दोन तासांनी रेस्ट एरियात थांबा आणि हवं तर तिथे उभ्या गाडीत अर्धा तास झोपू द्या.