बडीशेपेची पुडी दप्तरातून काढा

प्रिय ताई,
आम्ही साताऱ्याला राहतो. यांचं गाव कराडच्या पुढे. दर पंधरा दिवसांनी शनिवारी गावी जातो आणि रविवारी रात्री परत येतो, कारण सोमवारी शाळा-ऑफिस असतं. रविवारी मोठ्या दिरांकडे मटणाचा बेत ठरलेला, दोघे भाऊ बसतात. हे तीन लार्जच्या वर कधी जात नाहीत. आजवर गाडीला साधा ओरखडासुद्धा नाही.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या जावळाला सगळे जमले होते. परतताना नणंद, दाजी आणि त्यांची मुलं आमच्याच गाडीतून येणार होती. दाजी ऐन वेळी अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले, "प्यालेल्या माणसाच्या गाडीत मी माझी पोरं बसवणार नाही." आणि खरंच मुक्कामाला राहिले. यांना ते फार लागलं. हे म्हणतात, अपघात वेगामुळे होतात आणि मी सत्तरच्या वर जात नाही. धाकटा माझ्या मांडीवर झोपतो म्हणून मी मागे बसते. मोठी मुलगी अकरा वर्षांची आहे, भारी हुशार. ती पुढे बसून बाबांना कोडी घालते, त्यामुळे त्यांचा डोळा लागत नाही. तासवडे टोलनाक्यावर पोलिस दिसले तर दप्तरातली बडीशेपही तीच काढून देते. त्यामुळे काळजीचं काही नसतं.

आता भाऊबीज आली. नणंद येईल की नाही कळत नाही. दाजींनी यांची माफी मागावी असं मी सुचवू का? दोन घरं तुटायला नकोत.
– एक वाचक, सातारा

---

प्रिय वाचक,

तुम्ही भाऊबीजेबद्दल विचारलंय, पण मी तुमच्या मुलीबद्दल लिहिणार आहे. तिच्याविषयी तुम्ही तीनच वाक्यं लिहिलीत, तीही कौतुकानं. ती वाचून माझ्या पोटात गोळा आला.

रविवारी रात्री साडेदहा-अकराला अकरा वर्षांच्या मुलीचे डोळे मिटत असतात. दिवसभर उन्हात भावंडांबरोबर हुंदडलेली असते, पोटभर जेवलेली असते. अशा वेळी मूल गाडीत बसल्या बसल्या झोपतं. तुमची झोपत नाही. आपण गप्प बसलो की बाबांची मान कलते आणि आपण बोललो की सरळ होते, हे तिनं पाहिलंय. कोणी सांगितलं नसेल तिला. आई मागे गप्प बसली आहे, म्हणजे हे काम आपलं, एवढं मुलांना न सांगता कळतं. आणि दर पंधरा दिवसांनी नवी कोडी येतात कुठून? मला वाटतं, ती मधल्या काळात जमवत असावी. वर्गातल्या मैत्रिणींना विचारत असेल, पुस्तकात शोधत असेल. बाबांना करमावं म्हणून नव्हे, घरी पोचावं म्हणून.

एखाद्या रविवारी तिला झोप लागली तर काय होईल, याचा विचार तुम्ही केलाय का? आता कारखान्यांची धुराडी पेटतील. त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवाही नसतो आणि रिफ्लेक्टरही नसतो. हा रस्ता मी तुम्हाला सांगायला नको. उंब्रज गेलं, अतीत गेलं, नागठाण्याच्या अलीकडे कुठेतरी तिचा डोळा लागला आणि तीनच सेकंद तिच्या बाबांचाही लागला, तर सत्तरच्या वेगात गाडी त्या तीन सेकंदांत जवळजवळ साठ मीटर पुढे गेलेली असते. धडक झाली तर पुढच्या सीटवर ती आहे. आणि देवदयेनं ती वाचली, बाकी कोणी वाचलं नाही, तर उरलेला जन्म ती एकच गोष्ट उराशी धरून जगेल: मी झोपले म्हणून झालं. तुम्ही सांगा, डॉक्टर सांगोत, तिला ते पटणार नाही. कारण हे काम तिचं आहे असं तिला आजवर सगळ्यांनी आपल्या वागण्यातून सांगितलंय.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं बघू. तीन लार्ज म्हणजे 180 मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं. मध्यम अंगाच्या पुरुषानं आठला बसून साडेदहापर्यंत एवढी घेतली, तर निघताना त्याच्या 100 मिली रक्तात अंदाजे 75 ते 85 मिलिग्रॅम अल्कोहोल असतं. वजन, जेवण यानं थोडं इकडेतिकडे होईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नं घातलेली मर्यादा आहे 30. म्हणजे ते दर पंधरा दिवसांनी मर्यादेच्या अडीचपट पिऊन महामार्गावर गाडी आणतात. शरीर दारू आपल्या ठरलेल्या गतीनंच जाळतं, तासाला साधारण 15 मिलिग्रॅम. लिंबू, ताक, कडक कॉफी, तोंडावर पाणी, यातल्या कशानंही ती गती वाढत नाही. साडेदहाला उठलेला माणूस 30 च्या खाली यायला रात्रीचे दोन उजाडतात, पुरता उतरायला पहाट होते.

"मला काही होत नाही" असं पिणाऱ्याला मनापासून वाटतं, आणि घात होतो तो तिथेच. दारू सगळ्यात आधी माणसाचा अंदाज नेते. हात थरथरायच्या, जीभ जडावायच्या कितीतरी आधी समोरच्या गाडीचं अंतर चुकायला लागतं, ब्रेकवर पाय उशिरा जातो. आणि आपलं चुकतंय हे ज्या बुद्धीनं कळायचं, तीच तेव्हा ताळ्यावर नसते. गाडीला आजवर ओरखडा नाही, ही त्यांची हुशारी समजू नका. समोरून येणारे लोक शुद्धीवर होते म्हणून तुम्ही घरी पोचत आलात.

वेगाचं त्यांनी कुठूनतरी ऐकलंय आणि ते अर्धवट खरं आहे. 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. सरकारी अहवालात त्यातली सत्तर टक्क्यांहून जास्त वेगाच्या रकान्यात आहेत, दारूच्या रकान्यात जेमतेम दोन-तीन टक्के. पण तो रकाना भरतो कसा? ड्रायव्हर जागेवर मेलेला असतो, नाहीतर पळून गेलेला असतो, नाहीतर रक्ताचा नमुना घेईपर्यंत निम्मी रात्र उलटलेली असते. मग कागदावर वेग लिहिला जातो. त्या आकड्याच्या आडोशाला त्यांनी उभं राहू नये.

आता बडीशेप. तपासणीच्या यंत्राला तोंडाचा वास लागत नाही. ते फुप्फुसातून येणारी हवा मोजतं, आणि त्या हवेत अल्कोहोल रक्तातून उतरलेलं असतं. बडीशेपेनं त्यात तिळमात्र फरक पडत नाही. मग ती पुडी मुलीच्या दप्तरात काय करते? ती तिला शिकवते की बाबा रविवारी रात्री काहीतरी वाईट करतात, पोलिसांना ते कळू द्यायचं नाही, आणि ते लपवणं म्हणजे बाबांवर माया करणं. अकराव्या वर्षी तुम्ही तिला एका गुन्ह्यावर पांघरूण घालायला लावलंय. मी सौम्य शब्द शोधून पाहिला, मला मिळाला नाही.

पुण्यात कल्याणीनगरला 19 मे 2024 च्या पहाटे एका सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्या मुलाला आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, त्यावर सगळा महाराष्ट्र संतापला, तुम्हीही संतापला असाल. नंतर पुढे आलं ते त्याहून भयंकर होतं. मुलाचं रक्त बदलून त्या जागी आईचं रक्त दिलं, असा पोलिसांनी आरोप ठेवला. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. मला त्यातलं एवढंच दिसतं की प्यालेल्या माणसाला वाचवायला पहिली धावतात ती घरची माणसं. तिथे आरोप मोठ्यांवर आहे. तुमच्या घरी हे काम एका मुलीकडे दिलंय.

तुमच्या यजमानांवर मी रागावले आहे, पण ते मला पत्र लिहीत नाहीत, तुम्ही लिहिता. आणि तुम्ही स्वतःला या गोष्टीत मधली, समेट करणारी, बिचारी म्हणून उभं केलंय. तशी मी तुम्हाला मानत नाही. त्या गाडीत शुद्धीवर असलेलं मोठं माणूस एकच आहे, ते तुम्ही. तुम्हाला भीती वाटत नाही असं म्हणू नका. वाटत नसती तर कोडी, पुढची सीट आणि डोळा लागणं या तिन्ही गोष्टी तुम्ही एका दमात लिहिल्या नसत्या. तुम्हाला सगळं माहीत आहे. नवऱ्याला चारचौघांत "नको" म्हणायचं तुम्हाला जड जातं, म्हणून ते मुलीच्या अंगावर पडलंय.

दाजींनी माफी मागायची गोष्ट तर काढूच नका. सासुरवाडीच्या अंगणात, सगळ्या भावकीसमोर जावई हे बोलतो तेव्हा आपल्याला काय काय ऐकून घ्यावं लागेल हे त्याला ठाऊक असतं. तरी ते बोलले, कारण त्यांनी स्वतःच्या मुलांकडे पाहिलं. त्या रात्री तुमची मुलं त्याच गाडीत बसली आणि त्यांची बसली नाहीत. नणंदेला भाऊबीजेचं आवतण तुम्ही स्वतः करा, "दाजी बरोबर होते" म्हणा. ती येईल. बहिणी या कारणानं भाऊ तोडत नाहीत. भाऊ जिवंत राहावा म्हणून तर घरात भांडण झालंय.

आता करायचं ते ऐका. पुढच्या रविवारी तुम्ही गावाहून रात्री निघायचं नाही. मुक्काम तिथेच. दिवेलागणीला, ग्लास मांडले जायच्या आधी, गाडीची किल्ली तुमच्याकडे घ्या आणि जाऊबाईंच्या धान्याच्या डब्यात टाका. नवरा शुद्धीत असताना मागा, पिऊन झाल्यावर मागाल तर तमाशा होईल. शब्द कमी वापरा: "आज बसणार असाल तर आपण उद्या जाऊ. मी मुलांना घेऊन रात्री गाडीत बसणार नाही." कारणं देऊ नका, कारणांवर वाद घालता येतो. दीर "एवढं काय त्यात" म्हणतील. त्यांना सांगा की पिऊन गाडी चालवायला जो साथ देतो त्यालाही तीच शिक्षा, असं याच कायद्याचं कलम 188 म्हणतं. पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तीन ग्लास भरून धाकट्या भावाला हायवेवर सोडणाऱ्या मोठ्या भावानं ते एकदा ऐकलेलं बरं.

सोमवारी पहाटे त्यांनाही लगेच स्टिअरिंगला बसवू नका. कराडच्या स्टँडवरून साताऱ्याला एसटी मिळते. शाळेचा पहिला तास बुडाला तर बुडू द्या, ऑफिसला अर्धी रजा टाका. सासूबाईंचं तोंड वाकडं होईल. होऊ द्या.

ते किल्ली हिसकावून एकटेच निघाले, तर "जाऊ दे, निदान पोरं माझ्याजवळ आहेत" म्हणून बसू नका. त्या रस्त्यावर दुसऱ्यांची पोरं असतात. 112 ला फोन करा, गाडीचा नंबर आणि दिशा सांगा. स्वतःच्या नवऱ्याची तक्रार करायची, हे वाचूनच तुम्हाला कसंतरी झालं असेल. तासवड्याला पोलिसांनी अडवलं तर दहा हजार जातील, कदाचित लायसन्स जाईल. माणूस घरी येईल.

पण रविवारला अजून वेळ आहे आणि एक काम आजच करायचं आहे. मुलगी शाळेतून आली की तिला जवळ बसवा आणि तिच्यासमोर ती पुडी दप्तरातून काढा. तिला सांगा, "बाबांना जागं ठेवणं हे तुझं काम कधीच नव्हतं. ते माझं होतं, मी ते तुझ्यावर टाकलं. आता तू गाडीत मागे बसायचं, पट्टा लावायचा आणि झोपायचं." ती कदाचित काहीच बोलणार नाही. कदाचित विचारेल, "मग बाबांशी कोण बोलणार?" तिला सांगा की बाबा प्यायले असतील तेव्हा आपण गाडीत नसणारच. आणि एवढं एकदा बोललात की पुढच्या रविवारी तुम्हाला माघार घेता येणार नाही. म्हणूनच आधी तिच्याशी बोला, नवऱ्याशी नंतर.

तुमची,
ताई