कुकरची वाफ उतरेपर्यंत

परदेशातल्या मराठी ख्रिस्ती घरात संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना बंद पडते ती बहुधा वेळ चुकल्यामुळे. रात्री साडेनऊला मुलं पेंगतात, कुणाचा तरी गावाकडचा फोन चालू असतो, आणि ओटा आवरणारी बाई ओल्या हातांनी दारात उभी राहून ‘आमेन’ म्हणते. जिच्या हातचं सगळे जेवतात तिलाच उपासनेत बसता येत नसेल, तर आधी हे बदला.

प्रार्थना जेवणाआधी घ्या. पोळ्या करून डब्यात ठेवल्या, वरणभाताच्या कुकरखालचा गॅस बंद केला की वाफ आपोआप उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ पुरतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सगळ्यांनी खाली बसायचं. एका गीताची दोन कडवी, शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, आठ-दहा वचनं, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना. वडिलांनी प्रार्थनेचं प्रवचन करू नये. भुकेल्या मुलांना त्या वेळेचाच कंटाळा येतो.

वाचन मराठीतच ठेवा, पण लहान घास घ्या. स्तोत्र 117 अवघ्या 2 वचनांचं आहे, तिथून सुरुवात करा. मग 100 (5 वचनं), 23 (6) आणि 121 (8). एक स्तोत्र आठवडाभर चालू द्या: पहिल्या दिवशी मोठ्यांनी वाचायचं, दुसऱ्या दिवसापासून मुलानं एकेक ओळ. रोमन लिपीत लिहून देण्याचा मोह टाळा. त्यात ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त एकसारखे दिसतात, आणि चुकीचा उच्चार पाठ झाला की सुटत नाही. जड शब्द आला तर थांबून घरच्या बोलीत सांगा. साध्या बायकांना कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. तीच कळकळ जेवणघरातही हवी.

प्रभूच्या दिवसाचं, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या दिवसाचं, खरं काम आदल्या संध्याकाळी असतं. मटणाचा रस्सा शनिवारीच करा, मुरल्यावर तो अधिकच चांगला लागतो. मात्र पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पसरट भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळी आणा. तांदूळ सोडला तर सकाळी शिजवायला काही उरू नये. आखातात अनेक मंडळ्यांची (चर्चची) मुख्य उपासना शुक्रवारी असते. तिथे हीच तयारी गुरुवारी.

नाताळचा फराळ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना घराचं दार उघडण्याचा आपला जुना रिवाज आहे, आणि तो एकटीनं करायचा नसतो. लाटणं एकाकडे, सारण भरणं मुलांकडे, तळण मोठ्यांपैकी एकाकडे. करंजीला 1 वाटी मैदा, 1 वाटी बारीक रवा, 3 मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ. दुधात घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. सारणाला 2 वाट्या सुकं खोबरं मंद आचेवर गुलाबीसर भाजा, पूर्ण गार झाल्यावरच सव्वा वाटी पिठीसाखर आणि वेलदोडा घाला. गरम खोबऱ्यात साखर पाझरते आणि ओल्या सारणानं करंजी तेलात फुटते. तिकडच्या दुकानांत गोड केलेलं खोबरंही पाकिटात मिळतं. ते दमट असतं आणि भाजताना करपतं, म्हणून बिनसाखरेचंच घ्या. तेल फार तापलं तर वर फोड येतात, आतली पारी कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. तळलेल्या करंज्या एकावर एक न रचता दोन-तीन तास उघड्या गार होऊ द्या, मगच डबा.

खसखस मात्र जपून. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये तिच्यावर बंदी आहे. भारतातून येताना मसाल्याच्या पुडीतूनसुद्धा आणू नका. सारणात तिच्याऐवजी भाजलेले तीळ चालतात. शेजाऱ्यांसाठीच्या करंज्यांत काजू-बदाम घालू नका, आणि डब्यावर तिथल्या भाषेत चिठ्ठी लावा: गहू, दूध-तूप, खोबरं, तीळ. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईला ती चिठ्ठी आधी हवी असते. पहिला डबा जिन्यातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे जाऊ द्या, मुलांच्या हातून, आणि दोन मिनिटं बसून येऊ द्या.