मृतदेह मिळाला नाही, तरी दावा थांबत नाही

निपाणीहून एका काकांचं पत्र आलंय. तंबाखूच्या वखारीतलं काम सुटल्यापासून घर मुलाच्या पगारावर चालायचं. मुलगा 26 वर्षांचा, छोट्या चार्टर विमानावर सहवैमानिक. सप्टेंबर 2025 मध्ये विमान समुद्रात कोसळलं. कॅप्टनचा मृतदेह सापडला, मुलाचा नाही. कंपनी म्हणते, चूक वैमानिकांचीच. तरी पाच लाखांचा चेक घ्या आणि पुढे काही मागणार नाही असं लिहून द्या. पोलीस म्हणतात, मृत्यूच्या दाखल्यासाठी सात वर्षं थांबा. तपासाचा अहवाल येईपर्यंत गप्प राहू का, असं काकांनी विचारलंय.

काका, गप्प राहू नका. आणि त्या कागदावर सही करू नका.

अपघाताच्या दिवशी लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यात विमानातले कर्मचारी स्पष्ट शब्दांत येतात. कामावर असताना मृत्यू झाला, तर चूक कोणाची हा प्रश्नच उरत नाही. वैमानिक चुकला असं कंपनीने सिद्ध केलं तरी भरपाई सुटत नाही. ही रक्कम कंपनीने भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जमा करायची असते. परस्पर हातात दिलेला चेक, तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाईत धरला जात नाही. हक्क सोडल्याचं लिहून घेतलं, तरी या कायद्यापुढे ते रद्दच.

हिशेब असा: पगार कितीही असला तरी महिना 15,000 च धरतात. त्याचा निम्मा, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला 26 व्या वर्षाचा गुणक 215.28. म्हणजे 16,14,600 रुपये. कुठे पाच लाख, आणि कुठे हे!

मात्र मुदत कडक आहे. विमान कर्मचाऱ्याच्या मृत्यूची बातमी कळल्यापासून एक वर्ष. विमान सगळ्यांसह नाहीसं झालं तर अठरा महिने, पण त्यावर विसंबू नका. सप्टेंबर 2026 च्या आत अर्ज द्या. तो कंपनीच्या शहरात जाऊन द्यावा लागत नाही, तुम्ही राहता तिथे, बेळगाव जिल्ह्यातच देता येतो. एकदा हा अर्ज केला की याच कारणासाठी कंपनीवर दिवाणी दावा लावता येत नाही. दिवाणी दाव्यात रक्कम मोठी मिळू शकते, पण निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो. तुमचं वय आणि घरची ओढाताण पाहता मी आयुक्तांचा रस्ता धरेन.

सात वर्षांचा नियम साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मधला. माणसाचं काय झालं हेच कोणाला ठाऊक नसतं, तेव्हासाठी तो आहे. इथे विमान कुठे पडलं हे माहीत आहे. मुलगा त्यात चढला होता हे दाखवणारा ड्युटी रोस्टर, उड्डाणाचे कागद, तटरक्षक दलाच्या शोधाची नोंद, पोलिसांचा पंचनामा, यांवरून न्यायालय आजही मृत्यू मानू शकतं. 2021 च्या चमोलीच्या पुरानंतर बेपत्ता झालेल्यांचे दाखलेही सात वर्षं न थांबता देण्यात आले. किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्याकडे या नकला आजच लेखी मागा.

आता तपासाविषयी. विमान अपघात तपास ब्यूरो शोधतो ते कारण, पुन्हा तसं घडू नये म्हणून. दोषी ठरवणं हे त्याचं कामच नाही. प्राथमिक अहवाल साधारण 30 दिवसांत येतो, जसा अहमदाबादच्या 12 जून 2025 च्या अपघाताचा आला. अंतिम अहवालाला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडणाऱ्या शिकाऊ विमानांसारख्या छोट्या विमानांत ब्लॅक बॉक्स बहुधा नसतोच. मग समुद्रातून काढलेल्या प्रोपेलरची पाती कशी वाकलीत ते पाहतात: पिळवटलेली असतील, तर पाण्यावर आदळताना इंजिन जोरात होतं असा अंदाज येतो. खारं पाणी धातू खातं, म्हणून सुटे भाग वर काढताच गोड्या पाण्याने धुतात. हे काम सावकाशच होतं. ‘चूक वैमानिकांचीच’ हे कंपनी आज कशाच्या आधारावर सांगते, ते तिला लेखी विचारा.

तुम्ही पासबुकाची झेरॉक्स जोडलीत. दर महिन्याच्या 3 तारखेला मुलाच्या खात्यातून 18,000 जमा, आणि सप्टेंबरनंतर ती ओळच नाही. आई-वडिलांना त्याच्यावर अवलंबून होतो हे दाखवावं लागतं, आणि त्याला याहून चांगला पुरावा नाही. बँकेतून शिक्क्याची प्रत काढून घ्या. काकूंच्या औषधांची बिलंही ठेवा, आणि हे सगळं घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.