हर्पिसची कात्री जोडीनेच चालते

प्रश्न: आईला नागीण (हर्पिस कुळातल्या व्हायरसचा आजार) झालेली, असायक्लोव्हिर या औषधाने बरी झाली. पण कॉलेजात मॅडम म्हणाल्या हर्पिस व्हायरसचा प्रोटिएज वेगळाच असतो, म्हणजे काय? – एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर: अगं, मस्त विचारलंस! प्रोटिएज म्हणजे प्रोटीन कापणारी कात्री. आपल्या पोटातल्या ट्रिप्सिनच्या धारेवर सेरीन, हिस्टिडीन, ॲस्पार्टेट अशा तीन अमिनो आम्लांचं (प्रोटीनच्या मण्यांचं) त्रिकूट असतं, हर्पिसच्या कात्रीत ॲस्पार्टेटच्या जागी दुसरं हिस्टिडीनच बसलंय, १९९६ला सायटोमेगॅलोव्हायरस या हर्पिस कुळातल्याच व्हायरसच्या प्रोटिएजची रचना कळली तेव्हा ते दिसलं. आणि एकटा रेणू जवळपास काहीच कापत नाही, दोन चिकटले की मगच धार येते! काम म्हणशील तर व्हायरसचं कवच उभं राहताना आत प्रोटीनचे टेकू असतात ते कापायचे, स्लॅबखालचे टेकू काढल्याशिवाय खोलीत सामान जातं का, तसंच डीएनए आत जायला जागा हवी ना. असायक्लोव्हिर मात्र या कात्रीला हात लावत नाही, ते औषध व्हायरसचा डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं.