प्रयोगात ‘स्लो’ निघाले, म्हणजे माझ्यात काही कमी आहे का?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून जळगावला रेल्वेने अप-डाउन करणारी एसवायबीएची विद्यार्थिनी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) समुपदेशनाला आली तेव्हा तिच्या डोक्यात दोन आकडे घट्ट बसले होते, 61 आणि 55.

झालं असं होतं. मानसशास्त्रात एमए करणाऱ्या मुलांना प्रात्यक्षिकासाठी प्रयुक्त, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करायचा अशी माणसं, हवे होते. जो दोन बैठका देईल त्याच्या अंतर्गत गुणांत भर पडेल, असं सरांनी वर्गात सांगितलं. पहिल्या बैठकीत रंग ओळखायच्या एका कार्डाला हिला 61 सेकंद लागले, मैत्रिणीला 49. प्रयोग घेणारा हसत म्हणाला, “तू जरा स्लोच आहेस.” मग चिंतेची प्रश्नावली. तिच्यात 80 पैकी 55 आणि शेरा ‘जास्त’. त्यानंतर आठवडाभर झोप उडाली. आई रोज विचारायची, “काय व्हयनं वं तुले?” दुसऱ्या बैठकीला जायची इच्छा नव्हती, पण नाही म्हटलं तर मार्क जातील ही धास्ती.

प्रयोग होता स्ट्रूपचा. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो आणि तोंडाने सांगायचं असतं ‘हिरवा’. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. रिडली स्ट्रूप यांनी 1935 साली तो प्रसिद्ध केला, तेव्हाही समोर बसलेले 100 जण विद्यार्थीच होते. नुसत्या रंगीत चौकोनांच्या 100 रंगांना त्यांना सरासरी 63.3 सेकंद लागले, विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला 110.3. म्हणजे 74 टक्के जास्त वेळ. अडखळणं हाच या प्रयोगाचा निकाल आहे. कुणीच अडखळलं नाही तर कार्डं चुकीची छापली असावीत अशी शंका घ्यावी.

शिवाय नुसता 61 हा आकडा अर्धवट आहे. पहिल्या कार्डाचे, म्हणजे चौकोनांचे किती? तिचे 38, मैत्रिणीचे 29. आता वजाबाकी करा. हिला शब्दांमुळे 23 सेकंद जास्त लागले, म्हणजे सुमारे 60 टक्के. मैत्रिणीला 20, म्हणजे सुमारे 69 टक्के. मैत्रीण मुळातच भरभर बोलणारी, एवढंच यातून कळतं. (या टक्केवारीवरून हुशारी ठरवायला गेलं तर तीही चूकच. एका बैठकीतला एका व्यक्तीचा आकडा फार हलतो. प्रयोगकर्त्याला हवी असते सगळ्यांची सरासरी.)

तिची स्वतःची उपपत्ती वेगळी होती. “घरी अहिराणी बोलते ना, म्हणून मराठी वाचायला मला जड जातं.” गंमत अशी की वाचन कच्चं असेल तर या कार्डाचा त्रास कमी होतो. शब्द नजरेला पडताक्षणी आपोआप वाचला जातो, म्हणून तो शाईच्या रंगाच्या आडवा येतो. तिला त्रास झाला, कारण मराठी ती अगदी सहज वाचते. खरी अडचण दुसरीच निघाली. पहिल्यांदा तोंडातून ‘पिवया’ (‘पिवळा’चा अहिराणी उच्चार) गेलं, प्रयोगकर्त्याने चूक म्हणून खूण केली, आणि पुढे प्रत्येक पिवळ्यापाशी ती थबकून ‘पिवळा’ जुळवत राहिली. चौकोनांच्या कार्डावरही. उच्चार चालेल की नाही हे सूचनेतच सांगायला हवं होतं. ती चूक प्रयुक्ताची नाही.

55चा उलगडा तिच्या मोबाइलमधल्या फोटोने केला. प्रश्नावलीत 20 विधानं, प्रत्येकाला 1 ते 4 गुण. त्यातली 10 अस्वस्थतेची आणि 10 शांतपणाची. शांतपणाच्या विधानांचे गुण उलटे धरायचे असतात, 4 चा 1, 3 चा 2. हिची बेरीज सरळ केली होती, 22 अधिक 33. उलट गुणांकन केल्यावर (प्रत्येक गुण 5 मधून वजा, म्हणजे दहांचे 50 वजा 33) 33 चे झाले 17, आणि एकूण 39. नवख्या हातून ही चूक इतक्यांदा होते की कुणी ‘जास्त’ म्हटलं की आधी गुणदान-किल्ली मागावी. आणि 39 तरी कशाचे? ती प्रश्नावली ‘आत्ता या क्षणी’ कसं वाटतंय ते विचारते. सकाळपासून पोटात अन्न नाही, गाडी उशिरा, खोलीत लाईट गेलेली, बाहेर खान्देशातलं एप्रिलचं ऊन. ते सगळं त्या आकड्यात येतं. अशी प्रश्नावली निदान करत नाही आणि शेरा देण्याचं काम एमएच्या विद्यार्थ्याचं नाही. त्या कागदावर तिचं नाव आणि रोल नंबरही होता. तिथे फक्त सांकेतिक क्रमांक हवा.

राहिला मार्कांचा प्रश्न. प्रयोगात बसण्याबद्दल जादा गुण देण्याची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. तिथल्या मानसशास्त्र संघटनेच्या आचारसंहितेत म्हटलंय की ज्याला बसायचं नाही त्याला तोडीचं पर्यायी काम द्यावं. तोडीचं म्हणजे तासाभराच्या प्रयोगाच्या बदल्यात दहा पानी निबंध नव्हे. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांतही शिक्षकाच्या हाताखालचे विद्यार्थी दबावाला बळी पडू शकणाऱ्यांत मोजले आहेत. संमतिपत्रावर सही करण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. वेळ किती, करायचं काय, मध्येच उठता येईल का, उत्तरं कोण बघणार. सही झाल्यावरही उठता येतं.

तिने सरांना एवढाच मेसेज केला, “सर, दुसऱ्या बैठकीत मला भाग घ्यायचा नाही. तेवढ्याच वेळाचं दुसरं काम दिलंत तर शनिवारपर्यंत पूर्ण करून देते.” कारण लिहिलं नाही, लिहायची गरजही नसते. उत्तर आलं नसतं तर विभागप्रमुख, मग कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. तशी वेळ आली नाही. स्मृतीवरच्या एका प्रकरणाचा दोन पानी सारांश सरांनी मागितला, गुण मिळाले.

झोप चार दिवसांत रुळावर आली. दोन आठवडे तशीच गेली असती, जेवण सुटलं असतं किंवा जगणं नको असे विचार आले असते, तर सल्ला वेगळा असता. अशा वेळी डॉक्टर, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर, रात्री-अपरात्रीही.

पुढच्या भेटीत तिने स्केचपेनने रंगवलेली दोन कार्डं आणली होती, 40 चौकोनांचं एक आणि 40 शब्दांचं एक. घरी सगळ्यांवर करून पाहिली म्हणे. बारावीतला भाऊ शब्दांच्या कार्डावर पार गडबडला. शाळेत कधी न गेलेल्या आजीला दोन्ही कार्डांना जवळजवळ सारखाच वेळ लागला. सगळे पिवळे तिने ‘पिवया’ म्हणूनच सांगितले आणि कार्ड परत देताना विचारलं, “यामा अवघड काय शे?”