सुती टायर १,३०० किलोमीटरमध्येच झिजला, तो का?

प्रश्न : काका, नमस्कार. माझं वय ४१, वजन ७८ किलो. सायकल दहा वर्षांपूर्वीची रोड बाइक, रिम ब्रेकची. गेल्या दिवाळीत भाच्यानं युरोपातून हातानं बनवलेल्या सुती टायरची जोडी आणली, २५ मिलिमीटरची. जोडीला साधारण तेरा हजार रुपये पडले. दर रविवारी साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जातो आणि परत येतो. महिन्यातून एकदा सायकल गाडीच्या डिकीत टाकून पुण्याला नेतो. जेमतेम १,३०० किलोमीटर झालेत आणि मागच्या टायरच्या डाव्या बाजूचे दोरे बाहेर आलेत, सगळीकडून गोल. पुढच्या टायरचं रबर एका जागी कडेला बोटभर सुटलंय. मित्राचे साधे टायर पाच हजार किलोमीटरनंतरही धडधाकट आहेत. दुकानदार म्हणतो, माल खराब निघाला. ‘हातानं बनवलेला’ हे नुसतं नावच का? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘डावी बाजू, सगळीकडून गोल’ या शब्दांखाली मी आधी रेघ मारली. कापड कच्चं असतं तर दोरे दोन्ही बाजूंना सुटले असते, कुठे कमी, कुठे जास्त. एकाच बाजूला, एकाच उंचीवर, पूर्ण वर्तुळात झीज झालीय म्हणजे तिथे काहीतरी घासतंय. मागच्या ब्रेकचं डावं रबर बघा. ते वर सरकून रिमऐवजी टायरच्या बाजूला लागत असणार, आणि यवतेश्वरच्या उतारावर तुम्ही ब्रेक किती वेळ दाबून धरता ते मला ठाऊक आहे. ब्रेक सरळ असेल तर चाक फ्रेममध्ये तिरकं बसलंय का ते तपासा. साध्या टायरच्या बाजूला रबराचा थर असतो, त्यामुळे असं घासणं तो बराच काळ सोसतो. तुमच्या टायरला ते चिलखतच नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं. तो मागचा टायर आजच उतरवा. दोरा तुटला की टायरची ताकद गेली, कारण हवेचा सगळा ताण दोराच पेलतो, रबर नाही. घाट उतरताना तो फाटला तर सायकल हातात राहणार नाही. तेरा हजारांपेक्षा तुमचा खांदा महाग आहे.

आता ‘हातानं बनवलेला’ याबद्दल. हे शब्द दोन अगदी वेगळ्या टायरांवर छापलेले असतात, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. जर्मनीतल्या कोरबाखला कॉन्टिनेंटलचे रोड टायर बनतात. त्यांच्यावरही हे शब्द असतात. तिथे नायलॉनचं कापड, तार आणि रबर कामगार हातानं जुळवतात, पण शेवटी टायर साच्यात घालून उष्णतेनं आणि दाबानं पक्का करतात. रबर, कापड सगळं एकजीव होतं. बेल्जियम-फ्रान्सच्या दगडी रस्त्यांवरच्या शर्यतींसाठी नावाजलेल्या द्युगा, एफएमबी, किंवा इटलीतल्या व्हेलोफ्लेक्स या कंपन्यांच्या टायरांची रीत निराळी. बारीक दोरे शेजारी शेजारी लावून त्यांना लॅटेक्स, म्हणजे रबराचा पातळ चीक, पाजतात, ते कापड तिरकं कापून एकावर एक उलट दिशेनं ठेवतात आणि वरची रबरी पट्टी नुसती चिकटवतात. साचा नाही, भट्टी नाही. साध्या टायरच्या कापडात इंचाला साठेक दोरे असतात, या टायरांवर तीनशेच्या वर आकडा लिहिलेला दिसतो. (या आकड्यावर फार जाऊ नका, काही कंपन्या थरांची बेरीज करून तो सांगतात.) तुमचा टायर खोक्यातून काढला तेव्हा पट्टीसारखा सपाट पडला असेल आणि रिमवर चढवताना अंगठे दुखले असतील, तर तो या दुसऱ्या जातीचा.

या कारागिरीचं फळ म्हणजे मऊपणा. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुन्हा वर येतो. त्या दबण्या-उठण्यात जाडसर टायर तुमची ताकद खातो, सुती टायर फार कमी खातो. खडबडीत डांबरावर तो हातांना जी शांतता देतो ती मला दुसऱ्या कशानं मिळालेली नाही. पैसे त्याचे पडतात. आयुष्याचे नाही. माझ्याकडचा मागचा सुती टायर कधी अडीच हजार किलोमीटरच्या पुढे गेला नाही, आणि तरी मी त्याला वाईट म्हणत नाही.

१९८७ साली मी पुण्यात शर्यतीची सायकल चालवायला लागलो तेव्हा आमच्याकडे रिमला चिकटवायचे ट्यूब्युलर टायर होते. ट्यूब आत शिवलेली. पंक्चर झालं की टायर रिमवरून सोलायचा, चार बोटं शिवण उसवायची, ट्यूबला ठिगळ लावायचं आणि पुन्हा शिवायचं. शिवायला मला माझ्या मावशीनं शिकवलं, तिच्या गोधडीच्या सुईनं आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं. पहिला टायर तिनंच शिवून दिला. ती म्हणाली, टाके जवळ घाल पण ओढू नकोस, कापड कुरकुरतं. तो टायर पुढे अख्खा हंगाम टिकला. असा टायर निगा मागतो, हे मी तिच्या हाताकडे बघून शिकलो.

पुढच्या टायरचं सुटलेलं रबर दुरुस्त होतं. चिकटवलेली पट्टी उन्हात बंद गाडीच्या डिकीत तापली की गोंद ढिला पडतो. माझा संशय पुण्याच्या फेऱ्यांवर आहे. हवा थोडी कमी करा, कड अलगद उचलून आतली धूळ ब्रशनं काढा, दोन्ही बाजूंना पंक्चरचं सोल्युशन पातळ लावा, दहा मिनिटं सुकू द्या, मग दाबा आणि पूर्ण हवा भरून रात्रभर ठेवा. तिथे फुगवटा दिसला तर मात्र चिकटवू नका. आतलं कापड गेलंय, टायर बाद.

पावसाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कासचा रस्ता म्हटल्यावर सांगायलाच हवं. सुताला ओल सोसत नाही. भिजलेला टायर तसाच कोपऱ्यात राहिला की बाजूंवर काळे ठिपके येतात, मग कापड कुजतं. जूनमध्ये सुती टायर उतरवा, पुसा, सावलीत सुकवा आणि अंधाऱ्या कपाटात ठेवा, गॅलरीच्या उन्हात नको. पेट्रोल किंवा रॉकेलनं कधी पुसू नका. चेनला स्प्रे मारताना मागच्या टायरवर फडकं धरा. पावसाळ्यात साच्यातले नायलॉनचे टायर घाला, बाभळीच्या काट्यालाही ते जास्त दाद देत नाहीत.

तुमच्या वजनाला आणि त्या रस्त्याला मी मागे साच्यातला २८ मिलिमीटरचा टायर घालीन, फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली जागा असेल तर, आणि दुरुस्त केलेला सुती टायर पुढेच ठेवीन. मागच्या चाकावर वजन जास्त आणि पायाचा जोरही त्याच्यावरच, म्हणून झीज तिथे आधी. नवा टायर चढवण्याआधी ब्रेकचं रबर खाली घ्या. ब्रेक दाबून धरा आणि टायर व रबर यांच्यात पोस्टकार्ड सरकतंय का बघा. सरकलं नाही तर अजून खाली.