मनात येणं आणि मनात धरणं

मस्कत

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस की नुसता वाईट विचार मनात आला, हातून काहीच घडलं नाही, तरी माणूस वाईट ठरतो का? आणि आपल्या लोकांत काय मानतात? आजीचं उत्तर तू लिहिलंच आहेस: "मनातलं पाप बी पापच, देव बघालाय वरून." शिवाय गोकाकच्या धबधब्याच्या कठड्यापाशी 'या शेजारच्या माणसाला ढकललं तर?' असं मनात आलं, पोटात गोळा आला, आणि तेव्हापासून तू स्वतःला पारखत बसली आहेस.

आधी भाषेकडे बघ. 'माझ्या मनात आलं' या वाक्यात 'मी' कर्ता नाही. विचार येतो, मन ही फक्त जागा. 'मनाला चाटून गेलं' म्हणताना तर तो थांबतही नाही. पुढचा शब्द 'घोळणं', तिथेही विचारच आपला आपण घोळतो. मग एक अक्षर वाढतं आणि सगळं बदलतं: 'घोळवणं'. घोळवतो तो माणूस. त्यापुढे मनात धरणं, डूख धरणं, बेत करणं, मनसुबा रचणं. या सगळ्यांना करणारा लागतो. तुझ्या कन्नडच्या बाईंना विचार, तिकडेही हेच आहे. 'मनस्सिगे बंतु' म्हणजे मनात आलं, आणि 'मनस्सु माडिदे' म्हणजे मी मनावर घेतलं. दोन शेजारी भाषांनी एकाच ठिकाणी रेघ मारली आहे, आणि माझ्या मते ती बरोबर ठिकाणी आहे.

धर्मशास्त्रातही तीच रेघ दिसते. ज्येष्ठातल्या गंगा दशहराचं नाव दहा पापं हरणारी म्हणून पडलं. त्या दहांत शरीराची तीन, वाणीची चार आणि मनाची तीन. म्हणजे आजी चूक नाही, मनाची पापं आहेतच. पण ती तीन कोणती ते बघ: दुसऱ्याच्या धनाचं अभिध्यान म्हणजे त्याचा ध्यास, दुसऱ्याचं अनिष्ट चिंतणं, आणि खोट्या समजुतीला चिकटून राहणं. ध्यान, चिंतन, चिकटणं, तिन्ही सवडीने करायची कामं आहेत. धबधब्यापाशी अर्ध्या क्षणात येऊन गेलेलं काही या यादीत बसत नाही. शुभंकरोतीनंतर तू मनाचे श्लोक म्हणतेस, त्यांतही समर्थ 'पापसंकल्प' सोडायला सांगतात. संकल्प म्हणजे हातावरून पाणी सोडून 'करिष्ये', म्हणजे 'मी करीन', म्हणणं. तू काही 'करिष्ये' म्हटलं नव्हतंस.

सगळ्यात बारीक हिशोब मात्र आपल्या शेजारच्या जैन घरांत सापडेल. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, ते जुनं जैन मंदिर, तू पाहिली आहेस, त्याच परंपरेतला हा हिशोब. कर्माच्या तीन पायऱ्या: संरंभ म्हणजे ठरवणं, समारंभ म्हणजे साहित्य जमवणं, आरंभ म्हणजे हात घालणं. त्या मन, वाणी आणि काया या तिघांनी होतात. त्या स्वतः केल्या, करवून घेतल्या की केल्याला मान डोलावली, असे पुन्हा तीन प्रकार. शिवाय क्रोध, मान म्हणजे गर्व, माया म्हणजे कपट, आणि लोभ ही चार कारणं. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, 108. जपमाळेच्या 108 मण्यांचा एक अर्थ हाच लावतात.

हे मांड्यांवर बसवून बघ, बेळगावच्या पोरीला तेच लवकर कळेल. उद्या मांडे करायचे असं ठरवलं, हा संरंभ. खवा आणला, साखर दळली, मैदा तिंबून झाकून ठेवला, हा समारंभ. चूल पेटवून कढई पालथी घातली, सारण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवून पसरली आणि कढईवर टाकली, हा आरंभ. आणि मनातले मांडे खाणारा? तो पहिल्या पायरीवरही नसतो. त्याने अजून काही ठरवलेलंच नाही. 108 च्या हिशोबातही मनाचं खातं उघडतं ते ठरवण्यापासून.

याच परंपरेतली एक गोष्ट मात्र तुझ्याविरुद्ध जाईल असं वाटतं. यशोधर राजाची. जन्न नावाच्या कवीने ती तेराव्या शतकात कन्नडमध्ये सांगितली. खरा जीव मारायला राजा तयार नसतो, म्हणून आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा बळी देतो, आणि त्या हिंसेपायी दोघं जनावरांच्या जन्मात फिरत राहतात. म्हणजे भावच मोजला ना? मोजला. पण कोंबडा कुणीतरी घडवला, समोर ठेवला, कापला. ठरवणं झालं, साहित्य झालं, हातही चालला, फक्त रक्त नव्हतं. तुझ्या बाबतीत यातलं एकही झालेलं नाही.

आता तो विचार येतोच का? 1978 साली रॅकमन आणि डिसिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी मंत्रचळाचे (नकोसे विचार आणि त्यांपायी त्याच त्या कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा आजार, ओसीडी) रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या मनात नको असताना घुसणारे विचार ताडून पाहिले. विषय जवळजवळ सारखेच निघाले: कुणाला इजा करणं, देवासमोर अभद्र काही सुचणं, नको ती लैंगिक कल्पना. फरक विषयात नव्हता. विचार किती वेळा येतो, किती टिकतो आणि झटकता येतो का, यात होता. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपल्याकडे वापरतात तरी कधी? घरचं माणूस रात्री यायला उशीर झाला आणि मनात अपघात दिसू लागला की. म्हणजे असले विचार मायेच्या माणसांबद्दलच जास्त येतात, हे म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. जे तुला सर्वांत नकोसं, मन तिथेच बोट लावून बघतं.

दाबायला गेलं की ते वाढतं. 1987 साली वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा, असं सांगितलं. घंट्या वाजत राहिल्या. पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर अस्वल आणखीच जास्त आलं.

आपल्या रीतीतही इथे एक खड्डा आहे. 'अशुभ बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते' हे तू लहानपणापासून ऐकतेस. वाक्य नीट बघ, त्यात 'बोलू नये' आहे. हे जिभेचं वळण आहे, घरात दुसऱ्याच्या काळजाला घोर लागू नये म्हणून. पण मुलं ते विचारालाही लावतात आणि मनात आलं म्हणजे घडणार असं धरून बसतात. मग गालांवर चापट मारून घेणं, कान धरणं, 'देवा क्षमा कर' म्हणणं सुरू होतं. एकदा केलं तर काही बिघडत नाही, आजी दिवसातून दहादा करते. पण मोजून तीनदाच, चुकलं तर पहिल्यापासून, नाही केलं तर कुणाला तरी काही होईल, असं झालं की ती रीत उरत नाही, तो मंत्रचळ होतो. नामस्मरणाचंही तसंच. रोजच्या वेळी रोजचा जप चांगला. वाईट विचार पुसायचं खोडरबर म्हणून जप धरला की प्रत्येक विचारामागे जप लागतो, आणि विचार मोठा होतो.

म्हणून पुन्हा आलं तर 'आलं' एवढंच म्हण आणि हातातलं काम चालू ठेव. त्याच्याशी वाद घालू नको, 'मी असं करणार नाही ना?' असं आजीला पुन्हापुन्हा विचारू नको. विचारल्याने दोन मिनिटं बरं वाटतं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा विचारावंसं वाटतं. कठडाही टाळू नको. टाळलास तर मन समजतं की धोका खरा होता.

काळजी कधी करायची तेही सांगते. विचार तू स्वतः बोलावतेस का, आणि दर वेळी त्यात तपशील भरतेस का? कोण घरी नसेल, किती वाजता, कुठून जायचं. तपशील भरायला लागलीस की ते घोळवणं संपून बेत सुरू झाला. तेव्हा एका मोठ्या माणसाला सांगायचं आणि त्या वस्तूपासून, त्या जागेपासून दूर व्हायचं. स्वतःला इजा करण्याचा विचार असेल, तर बेताची वाटच बघायची नाही, त्याच दिवशी सांगायचं. आणि नकोसे विचार व त्यांच्यावरचे उतारे यांत रोज तासभराहून जास्त जात असेल, अभ्यास मागे पडत असेल, तर डॉक्टर. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि टेलिमानस या सरकारी मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर भाषा निवडून बोलता येतं.

दहांतलं ते शेवटचं मनाचं पाप, खोट्या समजुतीला चिकटणं, त्याबद्दल मात्र मला तुझ्या विचारापेक्षा जास्त धास्ती वाटते. ते येताना पोटात गोळा येत नाही. 1 नोव्हेंबर, कर्नाटकाचा राज्योत्सव, आला की गल्लीत 'कानडी लोक सगळे असलेच' आणि पलीकडे 'मराठी लोक सगळे असलेच' असं बोलतात ना, ते बोलणाऱ्याला कधी वाटत नाही की आपल्या मनात काही वाईट आलं. उलट छान वाटतं. घोळवत बसतात वर्षानुवर्षं. 1956 पासूनचा सीमाप्रश्न, बेळगाव कुठल्या राज्यात असावं हा, न्यायाचा आहे, तो मांडावाच. पण समोरच्या दुकानदाराबद्दल, तुझ्या वर्गातल्या मुलीबद्दल मनात काय धरायचं, ते त्या प्रश्नात येत नाही.

आजीला हे पत्र वाचून दाखव. 'मनातलं पाप' म्हणताना तिला येणं अभिप्रेत आहे की धरणं, ते विचार, आणि ती काय म्हणते ते कळव. मला वाटतं ती म्हणेल, "धरायचं न्हाई म्हणालोय की गं, येतंय त्याला कोण काय करणार!"

तुझी,
आई